अनंत ताणाचा कोपरा

...नाही पण मी म्हणते, डोक्यावर प्रोजेक्टर लटकतोय हे दिसत असताना माणसाने त्याच्या बरोब्बर खाली खुर्ची टाकून बसावंच का? खिडकीपाशी जागा होती, दारापाशी होती, पण नाही, आमच्या मॅडम बसणार तिथेच! आणि मी पुढे उभी, हातात तो लाल ठिपक्याचा पॉइंटर, आणि ठिपका भिंतीवर असा नाचतोय की मागून आवाज आला, "अगं बाई, एका जागी धर, मला गरगरतंय!" आता मी घाबरट आहे, ते मान्य! पण त्या दिवशी घाबरायला कारण होतं हो. तो प्रोजेक्टर ज्या ब्रॅकेटवर टांगलाय ना, तो ब्रॅकेट मोडणार होता. मी गणित केलं होतं!

थांबा, असं नाही कळायचं. मुळापासून सांगते.

मी एम.टेक. करते. विषय, फायनाइट एलिमेंट मेथड. घरी आई विचारते, "म्हणजे नक्की करता काय गं?" मी म्हटलं, "वस्तूचे तुकडे करतो." तर म्हणते, "ते तू रांगायला लागल्यापासून करतेस, त्याला कॉलेज कशाला?" आता हिला काय सांगू! पण तुम्हाला सांगते. एखादा लोखंडी आकडा घ्या. त्याला वजन टांगलं तर आत कुठे किती ताण येतो, याचं समीकरण लिहिता येतं, पण सोडवता येत नाही. भल्याभल्यांनी हात टेकले. मग करायचं काय, तर आकड्याचे मनातल्या मनात बारीक बारीक तुकडे करायचे, इतके साधे की एकेकाचं गणित कुणालाही जमावं, आणि शेजाऱ्याशी कड जुळली पाहिजे एवढीच अट घालायची. बस्स! म्हणजे बघा, त्या तुकड्याला फक्त शेजारी ठाऊक, पलीकडच्या गल्लीत कोण राहतं, पत्ता नाही... आणि तरी सगळ्यांची समीकरणं एकत्र मांडून सोडवली की अख्खा आकडा कसा वाकेल ते पडद्यावर येतं, निळं, हिरवं, पिवळं, लाल! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा आ वासलेलाच राहिला. शेजारी आमच्या वर्गातला बिनधास्त बसला होता. बिनधास्त म्हणजे त्याचं टोपणनाव, आणि ते का पडलं हे कळेलच. तो म्हणाला, "मीट ते तोंड, माशी जाईल." जाऊ दे ना! अशी गोष्ट पाहिल्यावर कुठल्या माणसाचं तोंड मिटेल?

आणि म्हणून मला मॅडमच्या हाताखाली संशोधन करायचं होतं. मॅडम वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, आणि तो ठरणार होता वर्गातल्या सादरीकरणावरून. इमारतीतली एक वस्तू निवडा, ताण काढा, सगळ्यांसमोर मांडा. बिनधास्तने कॅन्टीनची खुर्ची घेतली. मी घेतला प्रोजेक्टरचा ब्रॅकेट. सोपा वाटला म्हणून! काटकोनात वाकवलेली एक पट्टी, उभी बाजू भिंतीला, आडव्या बाजूला प्रोजेक्टर. दोन रेघा मारल्या की झालं चित्र.

आता आमच्यात एक रीत असते. तुकड्यांच्या जाळीला आम्ही मेश म्हणतो. मेश बारीक करायची, पुन्हा ताण काढायचा, पुन्हा बारीक करायची, आणि उत्तर हलायचं थांबलं की समजायचं, हे खरं. माझं थांबेचना! आतल्या कोपऱ्यातला ताण आधी दोनशे मेगापास्कल, ताणाचं माप हो ते, मग पावणेतीनशे, मग पावणेचारशे, मग पाचशेच्या पुढे... आणि अडीचशेच्या पुढे ते पोलाद वाकून बसतं हो, परत सरळ होत नाही! बिनधास्त म्हणाला, "अगं, पहिलं उत्तर बरं होतं की, तेच छाप." तेच छाप? आणि खाली माणसं बसतात ती? आता मी घाबरट आहे, ते मान्य! पण मी मेश बारीक करत गेले, कंप्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, आणि तो कोपरा वाढतोय, वाढतोय, वाढतोयच...

तर अशी मी पुढे उभी. म्हटलं, "मॅडम, जरा इकडे सरकता का?"

"मला इथून छान दिसतंय. चालू दे."

चालू काय दे! दोनशे सांगितलं, पावणेतीनशे सांगितलं, पाचशेवर आले आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली, "मॅडम, उठाऽऽ!"

सगळा वर्ग उठला. बिनधास्त तर थेट बाकाखाली! एक मॅडम तेवढ्या बसलेल्या. वर प्रोजेक्टर आपला मांजरासारखा गुरगुरतोय.

"मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून हा ब्रॅकेट इथेच आहे," मॅडम म्हणाल्या. "मग चुकतंय कोण?"

"मी, मॅडम."

"तुझं गणित बरोबर आहे. ये इकडे." आणि मॅडम चक्क खुर्चीवर चढल्या हो! मलाही चढवलं. म्हणाल्या, "आतल्या कोपऱ्याला हात लाव." मी डोळे मिटून लावला. गोल! पट्टी वाकवताना आलेली एवढीशी गोलाई.

"तू दोन रेघा जोडल्यास. त्या कोपऱ्याला गोलाई शून्य. इतका टोकदार कोपरा वाकवलेल्या पट्टीला नसतो, पण असलाच, तर गणितात तिथला ताण अनंत. तू मेश बारीक करत राहिलीस, तो अनंताकडे चालत राहिला. जन्मात थांबला नसता."

काटा आला अंगावर! म्हणजे शेजाऱ्यापलीकडे ज्यांना काही ठाऊक नाही, त्या इवल्याशा तुकड्यांना अनंताचा वास आला होता? आणि मी, जिला अंधाऱ्या जिन्यात जायला सोबत लागते, ती त्या लॅबमध्ये बसून अनंताच्या रस्त्याला लागले होते... चहा पीत!

तिथल्या तिथे चित्रात गोलाई दिली. मेश बारीक केली, एकशे साठ. अजून बारीक, एकशे साठ. अजून... एकशे साठच! मला रडूच आलं. वर्गाला वाटलं, मी नापास झाले.

मग मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, वर्गात किंचाळणाऱ्या मुलीला आता कोण घेणार!

"तुला घेतलंय," म्हणाल्या. "बिनधास्तच्या खुर्चीतही तसाच कोपरा आहे. त्याला दिसलाच नाही, कारण त्याने एकदा उत्तर काढलं आणि सोडून दिलं. तू घाबरलीस म्हणून तपासत राहिलीस. मला असंच माणूस हवं होतं."

ऐकलंत? आता मी घाबरट आहे, ते मान्य! म्हणजे, चक्क मान्य झालं!

"विषय तड्यांचा," मॅडम म्हणाल्या. "तड्याचं टोक जवळजवळ खरंच टोकदार. तिथे गोलाई देऊन सुटका नाही."

"कशातले तडे, मॅडम?"

"विमानाच्या पंखांतले. सोमवारी कारखाना बघायला निघायचं. लांब आहे, विमानानेच जाऊ. तुला पंखाजवळची खिडकी घेतलीय."

काय करता! बसायचं. आणि डोळे मिटून बसावं म्हटलं, तर तीही सोय नाही, उतरल्यावर पंख कसा हलत होता ते लिहून द्यायचंय.