खिळ्यावरचा बेल्ट

छोटी: बघ ना, रोबोची डावीकडची तिन्ही चाकं फिरतात. उजवीकडची दोनच. मागचं मेल्यासारखं पडलंय.

ताई: मोटारची वायर बघितलीस?

छोटी: दोनदा. मोटार मस्त फिरतेय, मग चाकच का... ताई, त्या खिळ्यावर काय लटकतंय?

ताई: बेल्ट.

छोटी: कुठला?

ताई: उजव्या मागच्या चाकाचा.

छोटी: अरे देवा! मी तो घातलाच नाही? तशीच प्लेट बसवली, वर चौदा रिव्हेट ठोकले! आता गं?

ताई: चेन असती तर जोडकडी उघडायची, ओवायची, परत लावायची. दोन मिनिटांचं काम. तुझ्या बेल्टला जोड कुठे असतो? अखंड बांगडी ती. शाफ्ट मोकळा असतानाच चढवावी लागते.

छोटी: मला शिकवू नकोस. डिझाइन माझंच आहे.

ताई: माहितीये. अख्ख्या कॉलेजला माहितीये.

छोटी: आत्ता तरी टोमणे नकोत गं! चार वाजता रोबो न्यायला गाडी येतेय. एक वाजून गेला.

ताई: रडू नकोस. रिव्हेट ड्रिलने उडवू, बेल्ट घालू, नवे मारू. दोन तास पुरतील.

छोटी: पण मी इतकी वेंधळी कशी? सर म्हणतीलच, ताईच्या हातात काम होतं तेव्हा असं कधी झालं नाही.

ताई: सर असलं काही म्हणणार नाहीत. सर म्हणतात, चेन म्हणजे जुना जमाना. माझ्या तोंडावर म्हणाले. तीन वर्षं या टीमचा रोबो माझ्या चेनवर पळला, आणि माझ्या शेवटच्या वर्षी जुना जमाना.

छोटी: ते तसं नव्हते म्हणाले.

ताई: आणि बाबा? माझी चेन बघून काय म्हणाले होते, आठवतं? ‘जपून गं, बोट अडकेल.’ एवढंच. तुझा बेल्ट बघितला आणि शेजारच्या काकांना बोलावून आणलं.

छोटी: त्यात माझा काय दोष?

ताई: काहीच नाही. तेच तर दुखतं. छोटे, ऐक. तू तिसरा रिव्हेट मारत होतीस ना, तेव्हाच मला तो दिसला.

छोटी: कोण?

ताई: बेल्ट. खिळ्यावर.

छोटी: मग?

ताई: मग काय? मूग गिळून बसले. तू चौथा मारलास, पाचवा मारलास. दर वेळी वाटायचं, आता सांगते. नवव्यानंतर वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, आधी का नाही सांगितलंस.

छोटी: तू तिथे बसून मोजत होतीस?

ताई: हो.

छोटी: ड्रिल दे इकडे.

ताई: मी उडवते, तू प्लेट धर.

छोटी: दे म्हटलं ना!

(ड्रिल चालू होतं. एकेक रिव्हेट उडून फरशीवर पडतो. चौदावा पडल्यावर छोटी ड्रिल बंद करते आणि प्लेट उचलून बाजूला ठेवते.)

छोटी: मी बेल्ट का घेतला, माहितीये?

ताई: हलका असतो, तेल लागत नाही, आवाज नाही. सरांना घडाघडा म्हणून दाखवलंस की.

छोटी: ते सरांसाठी. चेनमध्ये तुझ्यापुढे कोण टिकणार होतं? मी टीममध्ये आल्यापासून एकच ऐकतेय, ‘ताईला विचार.’ साधा स्क्रू ढिला झाला तरी ‘ताईला विचार.’ मला असं काहीतरी हवं होतं, जे कुणी तुला विचारणार नाही.

ताई: म्हणजे तूही जळत होतीस?

छोटी: दोन वर्षं.

ताई: मग आपण दोघी सारख्याच.

छोटी: सारख्या नाही. मी तुझी चेन कधी खिळ्यावर राहू दिली नसती.

ताई: नसतीच दिली. खरंय.

छोटी: बेल्ट काढ तो. नीट धर, पीळ पडेल. हं. बसला. दात बसले का बघ.

ताई: बसले. ताणही बरोबर आहे. दोन शाफ्टमधलं अंतर अगदी नेमकं काढलंयस गं. मला नसतं जमलं.

छोटी: आत्ता गोड बोलू नकोस, मी अजून चिडलेय.

ताई: चीड. मी बाहेर थांबते. प्लेट बसली की हाक मार.

छोटी: बाहेर कुठे? इथेच बस. मघाशी बसली होतीस तिथेच.

ताई: परत माझ्यावर भरवसा ठेवतेस?

छोटी: भरवसा नाही. पण माझी चूक तुझ्याइतकी लवकर दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. हं, प्लेट बसवली. मारते पहिला.

ताई: थांब. वॉशर राहिलाय.