नाहेदनं कापलेलं कापड

मैत्रिणींनो, भावांनो, नाहेदसाठी तुम्ही सगळे आलात. हनान, नाहेदची बहीण, अलेक्झांड्रियाहून आली आहे. तिच्यासमोर काय बोलावं मला कळत नाहीये. पण गप्प बसले तर नाहेद मला कधी माफ करणार नाही.

हनानला मराठी येत नाही. तरी तीच म्हणाली, "वैशाली, तुझ्या भाषेत बोल." मी मराठीतच बोलणार आहे. कारण ज्याला हे कळायला हवं, त्याला मराठी उत्तम येतं.

नाहेद चित्रकार होती. इथे आखातात शाळेत चित्रकला शिकवायची. शुक्रवारी अल दुहैलच्या तिच्या घरी आम्ही बायका जमायचो. मी लांब दुखान गावाहून गाडी हाकत यायचे. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "वो कपडा लाओ, जो पहनके तुम चुप रही थी." तिचं हिंदी सगळं सिनेमातलं!

मी ब्लाउज नेला. सासऱ्यांनी नोकरी सोडायला लावली, त्या दिवशी अंगात होता तो. कुणी दुपट्टा आणला, कुणी अबाया. नाहेदनं तिच्या आईचा गलाबिया आणला, घरात घालायचा पायघोळ झगा. ते सगळं जोडून तिनं भिंतभर कापड शिवलं. प्रत्येक तुकड्याखाली त्या बाईचं एक वाक्य. तिच्याच अक्षरात, दोऱ्यानं.

सर, तुम्हीच ते मराठी मंडळाच्या प्रदर्शनात लावतो म्हणालात. हो, तिसऱ्या रांगेतले सर, तुमच्याशीच बोलतेय. खाली बघू नका.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो, तर वाक्यं उसवलेली. पाटीवर लिहिलेलं, भारत-अरब मैत्री. खाली संकल्पना म्हणून तुमचं नाव. नाहेदनं विचारलं, "मेरा नाम किधर है?" तुम्ही काय म्हणालात? "खलास, मादाम. बायकांच्या रडगाण्याला स्पॉन्सर मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ती खुर्चीवर चढली. शिंप्याची मोठी कात्री घेऊन. अख्खं कापड तिनं कापलं. एकेकीला हाक मारून जिचा तिचा तुकडा हातात दिला. माझ्या हातात तिनं ब्लाउज दिला. रडत नव्हती. संतापली होती.

मग तुम्ही गावभर सांगितलंत, बाई वेडी आहे. मंडळात सांगितलंत. शाळेत सांगितलंत. तिची नोकरी गेली. एकाही गॅलरीनं तिला दारात उभं केलं नाही. ती आजारानं गेली, ते मी तुमच्या माथी मारणार नाही. पण तिचे हात शेवटी रिकामे राहिले. ते कुणी केलं?

परवा तुम्ही हनानकडे जाऊन रडलात. श्रद्धांजली म्हणून प्रदर्शन भरवतो म्हणालात. तुम्ही गेल्यावर तिनं मला विचारलं, "हा माणूस इतका का रडतोय?" मी सगळं सांगितलं. आज तिनं तुमच्याशी हात का मिळवला नाही, कळलं आता?

मी हॉस्पिटलमध्ये नाहेदला विचारलं होतं, सोडून देऊ या का गं आता? ती हसली. "सोडूँ? मैं मर रही हूँ, वैशाली. पागल नहीं हुई."

तर ऐका. आम्ही सगळ्याजणी आपापले तुकडे घेऊन परत बसलोय. कापड पुन्हा शिवतोय. वाक्यं पुन्हा घालतोय. आणि सगळ्यात वर तुमचं वाक्य येणार, सर. ते रडगाण्याचं. अरबीत, इंग्रजीत, मराठीत. संकल्पनेखाली नाव हवं होतं ना? त्या वाक्याखाली देतोय. पूर्ण नाव, आडनावासकट. तुम्ही जिथे जिथे भाषण कराल, तिथे आम्ही ते घेऊन येऊ.

माफी मागायची असेल तर मागू नका. ती जिला देता आली असती, ती नाही आता. आणि असती, तरी दिली नसती.

नाहेद, माझा तुला सलाम.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. पण सर, तुम्ही नाही. दार तुमच्या मागेच आहे. तुम्ही बाहेर गेलात की आम्ही सुरू करू. आम्हाला घाई नाही.