तरुण गणितज्ञाचे टक्के

अरे, त्या तरुण गणितज्ञ पुरस्काराचं अभिनंदन राहू दे, आधी हे ऐक. चाळिशीच्या आतल्यांना देतात तो, मला अडतिसाव्या वर्षी मिळाला. आईने परस्पर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माझं नाव दिलं. कशासाठी? गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारासाठी! सेक्रेटरीकाका फॉर्म घेऊन दारात.

"सर, टक्के किती?"

"काका, यात टक्के नसतात हो."

"रकाना रिकामा नाही चालत. बारावीचे टाकू?"

म्हटलं, टाका. कंटाळलेलो मी.

कार्यक्रमात दहावी-बारावीच्या पोरांच्या रांगेत बसलेलो, पिकलेल्या दाढीसकट. हातात गुलाब आणि कंपासपेटी. प्रमुख पाहुणे माईक घेऊन एकेकाला विचारत होते, "पुढे काय करायचं ठरवलंय?" एक मुलगी म्हणाली सीए, शेजारचा म्हणाला आयटी. माझ्यापुढे आल्यावर पाहुणे जरा बिचकले, पण विचारलंच, "आणि आपण?"

अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय रे मी. दर जूनला नव्याने मुलाखत, घेतील तर घेतील.

अख्ख्या रांगेत उत्तर नसलेला मी एकटाच निघालो.