डाव्या हाताची थापड

तुमाले सांगतो, त्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या लोकायनं माहा चांगला हात बांधून टाकला. लकव्यानं डावा हात मेला होता, धानाची पेंडी बांधता येत नव्हती. तिथले व्यायाम करून घेणारे सर म्हणे, उजवा बांधला तरच डावा काम करते. मंग समोर बिस्कूट ठेवलं.

"काकाजी, डाव्या हातानं खा."

"आमच्या सौंदडात डाव्यानं कोणी खात नाही."

"मग उपाशी राहा."

माही सटकली. थापड माराले गेलो, तं डावाच उठला, पार सरच्या कानापर्यंत.

त्यानं हासत गाल पुढं केला. "काकाजी, और एक बार."

बायको संग होती. तिथल्या मॅडमनं तिले सांगतलं, "घरी यांना रोज असाच राग आणा, हात चालेल."

बायको म्हणे, "ते तं मी लग्नापासून करून राहिली."