जेव, नाहीतर…

प्राणिसंग्रहालयात वाघ बघायला रांग होती. माझ्या पुढे एक आजी, त्यांची सून आणि सुनेच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेली चारेक वर्षांची नात.

"बघा आई, पिंजरा आला तरी डोळे उघडत नाहीये."

"मग मी काय केलं?"

"रोज 'जेव, नाहीतर वाघ येईल' कोण म्हणतं? रात्री बाथरूमला एकटी जात नाही ही. आत वाघ बसलाय म्हणते."

"तुझ्या नवऱ्यालाही मी असंच भरवलं. झाला ना एवढा घोडा?"

"दिवा लावून झोपतो तो अजून!"

"…ठमे, एक डोळा उघड बरं. एकच."

"तो खाईल मला."

"आधी मला खाईल. मी पुढे उभी आहे ना!"

नातीने एक डोळा किलकिला केला. "आई… तो झोपलाय."

"हो गं राणी."

"पाय वर करून! आणि जेवण तसंच पडलंय त्याचं! मला खाली सोड."

"अगं, हळू! कठडा धर."

"ए वाघोबा! ऊठ! जेव आधी, नाहीतर माझी आजी येईल हं!"

सगळी रांग हसली. वाघ कूस बदलून उठला आणि जांभई देत मांसाच्या तुकड्याकडे निघाला.

"जेवतोय! आजी, तुला घाबरला!"

"मला कसला घाबरतोय? तुला घाबरला, बयो."

"मग आता मी बाथरूमला एकटी जाणार."

"नक्की?"

"हो. आणि बाबांचा दिवापण मीच बंद करणार."