आत्याबाई, जेवून घ्या

माहेर माह्यं पिंपळगाव राजाचं, आनि दिलं मले इकडं जानेफळले, महाराष्ट्र झाला त्या सालात. आमची माळव्याची शेती, वांगी, मिरच्या, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर, बाजाराच्या आधल्या दिवशी सारं घर वावरात. माहेरी पन तेच होतं, म्हनून कामाचं मले काही वाटलं नाही ताई, धाक होता तो सासूचा. आमच्यात सासूले आत्याबाई म्हनतेत. अशी कडक बाई, काय सांगू तुम्हाले, पदर डोक्यावरून घसरला त नुसत्या नजरेनं सरळ कराले लावे, आनि घरातला मानूस जेवल्याबिगर बाईनं घास घ्यायचा नाही, नवरा जेवून उठला का त्याच्याच उष्ट्या ताटात आपन वाढून घ्यायचं, हे तिनं जलमभर पाळलं आनि मले बी पाळाले लावलं.

मंग मामाजी गेले, म्हनजे माहे सासरे. त्याच्यानंतर दोन-तीन पावसाळे बुढी बरी होती. मंग विसराले लागली. आधी चुलीवर काय ठेवलं ते विसरे, मंग शेजारनीचं नाव, मंग आम्हाले. मेहकरले डॉक्टरले दाखवलं, तो म्हने वयानं होते असं, याले गोळी नाही, सांभाळा. सांभाळा म्हनाले काय लागते, सांगा बरं! गावातले म्हनत बाहेरचं लागलं, मंग लिंबं झाले, अंगारे झाले, सारं झालं, फरक काही पडला नाही.

तर ताई, बुढी मागं मागं गेली आनि नवी नवरी होऊन बसली. मलेच आत्याबाई म्हनाले लागली, म्हनजे मी तिची सासू. जिले मी भेत होती ती मले भ्याले लागली. आत्याबाई, झाडलोट झाली, म्हने, शेन टाकलं, म्हने, रागावू नोका. हात जोडे. पहिले मले हसू आलं, मंग लय वाईट वाटलं, काय केलं असंन त्या सासूनं हिच्यासंग, कोनाले ठाव. कुंकू मागे. मी लावून देओ. बाया नावं ठेवत, नवरा गेलेल्या बाईले कुंकू लावते म्हने. मी म्हटलं, एक दिवस घरी नेऊन सांभाळा, मंग बोला.

आनि आमचे हे, तिचा एकुलता एक पोरगा, भरदार मिशावाले, म्हनतेत का थेट आपल्या आज्यावर गेले. ते दारात आले का बुढी पदर तोंडावर वढून कोपऱ्यात उभी. तिले वाटे सासरे आले. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं नाही, खायाचं त दूरच. आमच्या यायले ते सोसे ना. जवळ जाऊन म्हनत, माय, मी तुहा पोरगा, पाह्य त मले. ती अजूनच भिताडाले चिकटे.

ताट वाढलं त हात लावे ना. मालक वावरातून आले नाही, म्हने, ते जेवल्यावर जेवतो. हे म्हनत, माय, बाबा गेले, आपनच नाही का पोचवून आलो त्यायले. असं म्हटलं का झालं, जसे मामाजी आत्ताच गेले असा हंबरडा फोडे, आनि घटकाभरानं विसरे आनि पुन्हा वाट पाहे. रोज नव्यानं तिचा नवरा मारत होतो आम्ही. मी यायले म्हटलं, काऊन सांगता तिले? हे म्हने, मंग खोटं बोलू काय माह्या मायसंग? आनि बुढी वाळत चालली, उठली का झोकांडी जाय. अशानं ही हातची जाते, हे मले दिसत होतं.

एका दुपारी हे जेवून वावरात गेले, यायचं ताट उचलाले मी वाकली, त्यात भाकरीचा कोर, कोरड्यासाचा, म्हनजे पातळ भाजीचा, ओघळ, तसाच. काय मनात आलं कोन जाने, तेच ताट बुढीसमोर ठेवलं, त्यात वाढलं, आनि जलमात पहिल्यांदा आत्याबाईले अगंतुगं केलं. म्हटलं, घरचे जेवून गेले वावरात, जेव आता तू. तिनं त्या कोराले बोट लावलं. जेवले? म्हने. हाव, जेवले. मंग बसली ताई, मांडी घालून, आनि सारी भाकर खाल्ली. मी चुलीपुढं बसून रडली.

यायले सांगतलं त पहिले चिडले. मंग म्हने, मी गोठ्यात जेवत जातो, तिले दिसाचं नाही, ताट तू नेत जाय. पन बाबा जेवले म्हनू नोको. घरचे जेवले म्हन, ते त खरंच हाय. तवापासून पोटचा पोरगा ढोराजवळ बसून जेवते आनि त्याच्या उष्ट्या ताटात त्याची माय.

मांगच्या पावसाळ्यात यायले ताप आला. घास उतरे ना, तरी बसले ताट घेऊन, भाकर मोडली, खाल्ल्यासारखं केलं. मी ताट नेलं. बुढीनं हात मागं घेतला. आत्याबाई, म्हने, आज ते जेवले नाही. जेवले ना, म्हटलं. नाही, म्हने, भाकर नुसती मोडली, कोरड्यास जसंच्या तसं हाय, त्यायच्या अंगात कनकन असंन. ज्वारीच्या कन्या शिजवा पातळ, ताक घाला, आनि म्हना त्यायले, तुम्ही खाल्ल्याबिगर मी बी खात नाही. माह्यासमोर मान वर न करनारी बुढी, माह्या डोळ्यात पाहून बोलली.

मी कन्या शिजवल्या, गोठ्यात नेल्या, आनि जसं बोलली तसं सांगतलं. हे म्हने, मायनं सांगतलं? मायनंच, म्हटलं. एवढा थोराड मानूस, डोळे वाहून राह्यले आनि खाऊन राह्यला. वाटी पुसून खाल्ली. ती वाटी मी नेऊन दाखवली, तवा बुढी जेवली.

आता असंच चालू हाय. पोरगा म्हनून वळखत नाही ती यायले, वळखनार बी नाही. मी थकली ताई, खरं सांगते, कंबर राह्यली नाही, माहेर पाहून किती दिवस झाले. पन देवानं तिले नेलं तवा ती जेवलेली असावी, एवढंच मांगनं हाय. उठते मी आता, यायचं ताट वाढायचं हाय, बुढी वाट पाहून राह्यली.