धूर येत नव्हता, तर मी काय करू?

...आणि वर मलाच विचारतात, 'एवेलियो, बायकोचा हात ओळखता आला नाही तुला?' अरे, ठेवा त्या डॉमिनोच्या सोंगट्या खाली, आधी माझं ऐका! तुम्हाला सांगतो, अख्ख्या हवानात आज माझ्याइतका प्रामाणिक आणि माझ्याइतका गाढव माणूस दुसरा सापडायचा नाही. सिगार पेटवला, ओढला, गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर? धूर येत नव्हता, तर मी काय करू?

तुम्हाला वाटतं, चव घेणाऱ्याची काय चैन आहे, कारखान्यात बसून फुकट सिगार ओढायचे! चैन? सकाळी उठून कॉफी नाही! लसूण नाही! झुरक्यांच्या मधे बिनसाखरेच्या चहाचा घोट, तो का, तर जीभ धुवायला! आम्ही पाच जण टेबलाभोवती. समोरच्या सिगारला ना पट्टी ना नाव, नुसता नंबर, कारण कुणी वळला ते कळता कामा नये. राख बघा, वास घ्या, जोर सांगा, आणि जरा रंगात येतोय तोच... ठेवा खाली! ही माझी चैन!

आता माझी निदिया त्याच कारखान्यात सिगार वळते, लग्नाच्या आधीपासून. या खेपेला तिला सगळ्यात वरची श्रेणी मिळायची होती. मोठे, लांब सिगार वळायचे, पहिल्या ओळीत बसायचं... जीव टाकला होता हो तिने त्यासाठी! फक्त परीक्षेचे सिगार आमच्या टेबलावर पास व्हायचे होते.

आणि नेमका रविवारी सासूबाईंचा वाढदिवस! एलोइना सासूबाईंनी काळा घेवडा केला आणि पाहुण्यांसमोर विचारलं, 'कसा झालाय रे?' आता मला विचारलं तर मी सांगणारच ना? म्हटलं, 'सुरुवात छान, मधे जरा सपक, आणि शेवटी घशात खरखर.' अहो, धंद्याची सवय! सासूबाईंचा वाढायचा डाव हवेतच राहिला. निदिया एक शब्द बोलली नाही. आणि ही बाई बोलली नाही ना, की तिचा हात आवळतो! कपडे पिळले तर शिवण उसवते! सोमवारी सकाळी त्याच हाताने तिने परीक्षेचे सिगार वळले. आत पान असं ठासलं, असं ठासलं... की वाराही जाईना! मग धूर येत नव्हता, तर मी काय करू?

शेजारी ओरेस्तेस डोळे मिटून म्हणतो, 'वाहवा! काय मुलायम!' अरे, मुलायम काय? तुझा विझलाय कधीचा! चौघांनी पास केला. मी म्हटलं, नापास! एकाने जरी नापास म्हटलं तरी अडतं. आमच्या प्रमुख सोराइदाबाईंनी नंबरामागचं नाव उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या घरीच कुणी गेलंय. जिन्यात ओरेस्तेस म्हणतो, 'वेड्या, आम्ही सिगारच्या टोकावरची पानाची टोपी बघताच ओळखलं. निदियाच्या तोंडी कोण लागणार?' खाली हॉलमध्ये कामगारांना कादंबरी वाचून दाखवतात ना, तिथे म्हणे कादंबरी थांबवून आधी माझी बातमी सांगितली!

घरी आलो, तर ही दारात. 'माझा हात ओळखला नाहीस?' आता सांगा, नाही म्हणावं तर नवरा म्हणून मेलो, हो म्हणावं तर वैरी ठरलो! आणि खरं सांगू का... ओळखला होता हो! टेबलावर ठेवल्या ठेवल्या! टोकाची टोपी बसवताना ती अंगठा असा फिरवते, आमच्या लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारायची ना, अगदी तसा. कसा नाही ओळखणार? मनात म्हटलं, देवा, एवढा एक नीट ओढला जाऊ दे. पुन्हा पेटवला. पुन्हा चहा प्यायलो. पुन्हा पेटवला... धूर येत नव्हता!

म्हटलं, 'ओळखला होता.'

'मग?'

'धूर येत नव्हता, निदिया.'

मग म्हणते, 'मला माहितीय. वळतानाच कळलं होतं.'

'मग माझ्यावर का चिडतेस?'

'कारण बाकी कुणीही म्हणालं असतं तर चाललं असतं!'

आणि दार धाडकन बंद! आता बोला! बाकी कुणी म्हणायलाच तयार नाही, त्याला मी काय करू?

सोराइदाबाई भल्या आहेत. म्हणाल्या, उद्या सकाळी पुन्हा वळू दे, पुन्हा बघू. पण... श्श! जरा ऐका. वर आमच्या खिडकीतून येतोय तो आवाज. ठक! ठक! ठक! लसूण ठेचतेय. उद्या सकाळी मला चव घ्यायचीय, लसूण चालत नाही हे तिला ठाऊक आहे, आणि तरी ठेचतेय! रविवारी ती नुसती गप्प होती. आज हे! आणि उद्या हाच हात सिगार वळणार, आणि तो माझ्यापुढे येणार...

सरका जरा. वाटा सोंगट्या. सावकाश खेळू, मला काही घाई नाही. उशी मी येतानाच बरोबर आणलीय.